हेलन केलर आणि एकोणीस महिन्यांच्या वयातला तो ताप

हेलन केलर यांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते. पंपाखाली धरलेला एक हात, दुसऱ्या हातावर बोटांनी अक्षरे लिहिणाऱ्या बाई, आणि जगाशी तुटलेल्या मुलीला अचानक उमगलेला पहिला शब्द. त्या धड्यात तिच्या आजाराला एखादेच वाक्य मिळते : लहानपणी ताप आला आणि तिची दृष्टी व ऐकू येणे गेले. तो ताप कोणता होता, कान कसे गेले, आज तसाच ताप आला तर काय वेगळे होईल, हे सहसा कोणी सांगत नाही. ज्यांच्या मुलाला मेनिंजायटिस होऊन गेला आहे किंवा ज्यांच्या मुलाच्या कानात कॉक्लियर इम्प्लांट बसवले आहे, त्या आईवडिलांसाठी मात्र महत्त्वाचा भाग तोच आहे. म्हणून हेलन यांचे आयुष्य इथे त्या तापापासून सांगतो.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टस्कम्बिया या लहानशा गावी झाला. वडील आर्थर केलर हे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले कॅप्टन. पुढे ते गावातले वृत्तपत्र चालवत. आई केट ही त्यांची दुसरी पत्नी, वयाने बरीच लहान. मूल निरोगी होते. वर्षाची असताना ती चालू लागली. काही शब्दही बोलू लागली होती. पाण्याला ती आपल्या बोबड्या भाषेत वॉ-वॉ म्हणायची. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

फेब्रुवारी १८८२ मध्ये, एकोणीस महिन्यांची असताना, ती तापाने फणफणली. गावच्या डॉक्टरांनी त्या काळच्या भाषेत निदान केले : पोटात आणि मेंदूत रक्त साचले आहे. मूल वाचणार नाही असे त्यांनी घरच्यांना सांगून टाकले. आणि मग एके दिवशी सकाळी ताप जसा आला तसाच अचानक उतरला. घरात आनंदीआनंद झाला. मूल वाचले होते.

पुढच्या काही दिवसांत आईच्या लक्षात आले की जेवणाची घंटा वाजली तरी हेलन मान वळवत नाही. डोळ्यांसमोरून हात फिरवला तरी पापणी लवत नाही. डॉक्टरांना यातले काहीच कळले नव्हते. ते आईला कळले.

तो आजार कोणता असावा?

याचे खात्रीचे उत्तर आता कोणालाच देता येणार नाही, कारण त्या काळी तपासणीची साधनेच नव्हती. चरित्रकारांनी वेगवेगळी नावे घेतली आहेत : स्कार्लेट फीवर, रुबेला म्हणजे जर्मन गोवर, मेंदूचा दाह, मेनिंजायटिस. २०१८ मध्ये जॅनेट गिल्सडॉर्फ या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी उपलब्ध नोंदी पुन्हा तपासून एक लेख लिहिला. त्यांच्या मते हा बहुधा जिवाणूंमुळे झालेला मेनिंजायटिस होता आणि त्यामागे मेनिंगोकॉकस हा जिवाणू असावा. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा म्हणजे ज्याला आपण हिब म्हणतो तो, ही दुसरी शक्यता.

मेनिंजायटिस म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणांचा दाह. आपल्याकडे मेंदूज्वर हा शब्द सरसकट वापरला जातो, पण त्यात अनेक आजार एकत्र होतात. जिवाणूंमुळे होणारा मेनिंजायटिस हा त्यातला सर्वांत घाईचा, कारण इथे काही तासांच्या उशिरानेही फरक पडतो. हेलन यांनी आत्मचरित्रात आजारपणातली एक धूसर आठवण नोंदवली आहे. डोळे कोरडे पडून आग होत होती आणि पूर्वी आवडणाऱ्या उजेडापासून त्या तोंड भिंतीकडे फिरवत होत्या. इतक्या लहान वयातली आठवण कितपत खरी, हा प्रश्न आहेच. पण उजेड सहन न होणे हे लक्षण आम्ही आजही विचारतो.

तारखा पाहिल्या तर मन चुटपुटते. हेलन आजारी पडली त्याच्या पुढच्याच महिन्यात, मार्च १८८२ मध्ये, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू शोधल्याचे जाहीर केले. जंतूंमुळे आजार होतात ही कल्पनाच तेव्हा नवी होती, अलाबामातल्या डॉक्टरांपर्यंत ती पोचणे दूरच. मेनिंगोकॉकसचा शोध १८८७ मध्ये व्हिएन्नात अँटोन वाइक्सेलबाउम यांनी लावला. पाठीतले पाणी सुईने काढून तपासण्याची पद्धत १८९१ मध्ये हाइनरिक क्विंके यांनी सांगितली. आणि औषध? सल्फा आणि पेनिसिलिन येईपर्यंत हेलन यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्यामुळे केलर कुटुंबाने काही चूक केली किंवा डॉक्टरांनी हलगर्जी केली, असे म्हणण्यात अर्थ नाही. करण्यासारखे तेव्हा कोणाच्याच हातात काही नव्हते.

मेनिंजायटिसमध्ये कान का जातात, हे पालक नेहमी विचारतात. मेंदूभोवतीचे पाणी आणि आतल्या कानातला शंखाच्या आकाराचा भाग, म्हणजे कॉक्लिया, यांच्यात बारीक वाटा असतात. जंतू आणि दाह त्या वाटांनी आत शिरतात. तिथल्या नाजूक केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. हे नुकसान पुष्कळदा आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच होते, मूल अजून तापात असताना. म्हणून ताप उतरला म्हणजे सगळे सुटले असे नसते. आणखी एक गोष्ट हेलनच्या काळात कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते : काही मुलांमध्ये दाहानंतर कॉक्लियाच्या आत हाड तयार होऊ लागते, कधीकधी काही आठवड्यांतच. ती पोकळी भरून गेली की कॉक्लियर इम्प्लांटची तार आत सरकवणे अवघड होते, काही वेळा अशक्य.

आज मेनिंजायटिस झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी, शक्यतो घरी सोडण्यापूर्वी आणि नाहीतर पुढच्या चार आठवड्यांच्या आत, व्हायला हवी ती यासाठी. मूल लहान असेल तर बेरा चाचणी करतात. त्यात मुलाने उत्तर द्यावे लागत नाही, ते झोपेत असताना यंत्र मेंदूपर्यंत पोचणारे संदेश मोजते. दवाखान्यातून सुटी मिळताना सगळे थकलेले असतात, मूल वाचल्याचा आनंद असतो, आणि ही तपासणी राहून जाते. मग सहा महिन्यांनी आजी म्हणते की हाक मारली तर बघत नाही. तुमच्या मुलाला हा आजार होऊन गेला असेल आणि कान तपासले नसतील, तर मागचा पुढचा विचार न करता तपासून घ्या. नुकसान दोन्ही कानांचे असेल आणि श्रवणयंत्राने भागत नसेल, तर इम्प्लांटचा निर्णय महिनोन्महिने लांबवू नये.

हरवलेली पाच वर्षे

आजारानंतर जवळजवळ सात वर्षांची होईपर्यंत हेलनला भाषा नव्हती. ती मूर्ख मुळीच नव्हती. तिने घरच्यांशी बोलायला साठेक खुणा स्वतःच तयार केल्या होत्या. घरच्या स्वयंपाकिणीची मुलगी मार्था वॉशिंग्टन तिची सवंगडी होती आणि तिला या खुणा उत्तम कळायच्या. पण ओठ हलवून माणसे एकमेकांना काहीतरी सांगतात आणि आपल्याला ते येत नाही, हे हेलनच्या लक्षात आले होते. त्यातून थयथयाट व्हायचा. एकदा तिने आईला कोठीच्या खोलीत कोंडले. तान्ह्या बहिणीचा पाळणा उलथवला. आईने बाळाला वेळेवर झेलले म्हणून बरे. नातेवाईक म्हणू लागले की हिला संस्थेत ठेवून द्या.

भाषा नसलेल्या मुलाचा राग हा हट्टीपणा नसतो. आमच्याकडे चार-पाच वर्षांची बहिरी मुले फार वात्रट आहे, मारतो, चावतो, अशा तक्रारीने येतात. ऐकू येत नाही हे कळलेले असते, पण त्याचा या वागण्याशी संबंध लावलेला नसतो.

केट केलर यांनी चार्ल्स डिकन्स यांच्या अमेरिका प्रवासवर्णनात लॉरा ब्रिजमन हिच्याविषयी वाचले होते. दोन वर्षांची असताना स्कार्लेट फीवरने अंध आणि बहिरी झालेली ही मुलगी बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेत शिकली होती. म्हणजे शिकता येते! १८८६ मध्ये वडील हेलनला बाल्टिमोरच्या डॉ. चिझम या नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डोळ्यांसाठी काही करता येणार नाही, पण हिला शिकवता येईल, असे सांगून त्यांनी वॉशिंग्टनला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याकडे पाठवले. होय, टेलिफोनवाले बेल. त्यांचे मूळ काम बहिऱ्या मुलांना शिकवण्याचे होते. बेल यांनी पर्किन्सला लिहायला सांगितले, आणि पर्किन्सचे प्रमुख मायकेल अनाग्नोस यांनी एक वीस वर्षांची मुलगी पाठवली.

ॲन सुलिव्हन ३ मार्च १८८७ रोजी टस्कम्बियाला उतरली. तिचे बालपण अनाथालयात, म्हणजे खरे तर गरिबांच्या कोंडवाड्यात गेले होते. धाकटा भाऊ तिथेच वारला. खुपऱ्यांनी तिचे डोळे जवळजवळ गेले होते, शस्त्रक्रियांनी थोडे परत आले होते. पर्किन्समध्ये ती लॉरा ब्रिजमनबरोबर राहिली होती आणि हातावर बोटांनी अक्षरे काढण्याची लिपी तिथेच शिकली होती. हेलनसाठी तिने आणलेल्या बाहुलीचे कपडे लॉराने शिवले होते.

ॲनला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दिसली. दयेपोटी घरच्यांनी मुलीला कशालाही नाही म्हणणे सोडून दिले होते. हेलन जेवताना सगळ्यांच्या ताटातून हाताने उचलून खायची. ॲनने आईवडिलांची समजूत घातली आणि जवळच्याच छोट्या घरात हेलनबरोबर दोनएक आठवडे एकटी राहिली. आईवडिलांना हे किती जड गेले असेल याची कल्पना करता येते. पण पुढचे सगळे तिथून सुरू झाले.

५ एप्रिलचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. हेलनला तोवर काही शब्द हातावर काढता येत होते, पण ती नुसती नक्कल होती. पेला आणि त्यातले पेय यांची नावे ती एकमेकांत मिसळायची. ॲनने तिला पंपाकडे नेले, एका हातावर पाणी सोडले आणि दुसऱ्यावर पाण्याचा शब्द काढला. हेलन थबकली. प्रत्येक वस्तूला नाव असते हे तिला त्या क्षणी उमगले. संध्याकाळपर्यंत ती तीसएक नवीन शब्द शिकली होती. तो पहिला शब्द पाण्याचाच असावा याला कारण आहे. हेलन यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की आजारापूर्वीचा तो बोबडा वॉ-वॉ त्यांच्या मनात कुठेतरी टिकून राहिला होता. एकोणीस महिने कानांवर पडलेली भाषा पुरती पुसली गेली नव्हती.

कानाच्या डॉक्टरांना या गोष्टीत फार काही दिसते. भाषेसाठी मेंदूची पहिली काही वर्षे सर्वांत सुपीक असतात. जन्मतः बहिऱ्या मुलाला इम्प्लांट बसवायचे तर ते शक्य तितके लवकर, दोन-तीन वर्षांच्या आत, असे आम्ही सांगतो ते म्हणूनच. आजाराने कान गेलेल्या मुलाकडे आधी ऐकलेल्या भाषेचे थोडे भांडवल असते, पण ते पडून राहिले की आटत जाते.

ॲनचे पुढचे शिकवणेही पाहण्यासारखे आहे. हेलनची पंधरा महिन्यांची एक चुलत बहीण होती. तिला कोणी शब्द पाठ करायला लावत नाही, सगळे तिच्याशी सतत बोलतात आणि ती त्यातून शिकते, हे ॲनने पाहिले. मग तिने धडे बाजूला ठेवले आणि दिवसभर, बागेत, जेवताना, चालताना, हेलनच्या हातावर पूर्ण वाक्ये काढायला सुरुवात केली. ते कळो न कळो. इम्प्लांट झालेल्या मुलांच्या आईवडिलांना वाचाउपचारतज्ज्ञ आज जे सांगतात ते याच जातीचे आहे : आठवड्यातला उपचाराचा एक तास पुरत नाही, भाकरी थापताना, आंघोळ घालताना, बसची वाट पाहताना बोलत राहा.

मोठेपण

१८९० मध्ये हेलन बॉस्टनच्या सारा फुलर यांच्याकडे तोंडाने बोलायला शिकू लागली. नॉर्वेतली एक अंध-बहिरी मुलगी बोलायला शिकल्याचे तिच्या कानावर, म्हणजे हातावर, आले होते. शिक्षिकेच्या चेहऱ्यावर, गळ्यावर, जिभेवर बोटे ठेवून ती आवाज शिकली. पण तिचे बोलणे परक्या माणसाला कधीच नीट कळले नाही, आणि ही खंत त्यांना आयुष्यभर राहिली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसताना बोलणे सुधारणे किती कठीण आहे, हे यावरून कळते.

शिक्षणाचा पुढचा भाग भरभर सांगतो. १९०० मध्ये त्यांनी रॅडक्लिफ कॉलेजात प्रवेश घेतला, ॲन शेजारी बसून प्राध्यापकांचे व्याख्यान हातावर उतरवत असे. १९०३ मध्ये आत्मचरित्र पुस्तकरूपाने आले. १९०४ मध्ये त्या सन्मानाने पदवीधर झाल्या. मार्क ट्वेन त्यांचे मित्र होते. पैशांची चणचण मात्र कायम असायची; १९२० नंतर काही वर्षे त्यांनी आणि ॲनने नाटकमंडळ्यांच्या रंगमंचावर कार्यक्रमही केले.

त्यांच्या कामातला एक भाग आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे आणि तो धड्यात येत नाही. त्या काळी नवजात बाळांच्या अंधत्वाचे एक मोठे कारण होते जन्माच्या वेळी आईकडून डोळ्यांना होणारा गनोरियाचा संसर्ग. जन्मल्याबरोबर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घातला की तो टळत असे. पण हा गुप्तरोग असल्यामुळे सभ्य घरांत आणि सभ्य मासिकांत त्याचे नाव काढायची सोय नव्हती. हेलन यांनी १९०७ मध्ये एका मोठ्या महिला मासिकात यावर उघडपणे लिहिले. एका अविवाहित तरुण स्त्रीने हे लिहावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यांचे स्वतःचे डोळे या कारणाने गेले नव्हते. टाळता येणारे अपंगत्व लाजेमुळे टाळले जात नाही, याचा त्यांना संताप होता.

डोळे आणि कान यांपैकी अधिक मोठा तोटा कोणता, असे लोक त्यांना विचारत. १९१० मध्ये स्कॉटलंडचे कानतज्ज्ञ जेम्स कर लव्ह यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी बहिरेपणाला अधिक मोठी आपत्ती मानले आहे, कारण माणसाचा आवाज हरवला की त्याच्याबरोबर भाषा आणि विचारांची देवाणघेवाण हरवते. सगळे कर्णबधिर लोक याच्याशी सहमत होणार नाहीत. खुणांच्या भाषेत वाढलेल्या आणि त्यात समृद्ध आयुष्य जगणाऱ्या माणसांचे म्हणणे वेगळे आहे, आणि ते ऐकण्यासारखे आहे. हेलन मात्र दोन्ही गमावून बोलत होत्या.

ॲन सुलिव्हन १९३६ मध्ये गेल्या. त्यानंतरही हेलन मदतनीस पॉली थॉमसन यांच्यासह जगभर फिरत राहिल्या. १९५५ मध्ये, चौऱ्याहत्तर वर्षांच्या असताना, त्या भारतात आल्या आणि पंडित नेहरूंना भेटल्या. १९७७ मध्ये मुंबईत अंध-बहिऱ्या मुलांसाठी संस्था सुरू झाली तेव्हा तिला त्यांचेच नाव दिले गेले.

त्यांच्या हयातीत लागलेला एक शोध

१९५७ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी पूर्ण बहिऱ्या माणसाच्या श्रवणमज्जातंतूजवळ तार ठेवून विजेच्या संदेशाने त्याला आवाजाची जाणीव करून दिली. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाऊस यांनी पुढचे प्रयोग केले. आजच्या कॉक्लियर इम्प्लांटची ही सुरुवात. हेलनसारखे मूल आज आमच्याकडे आले, तर इम्प्लांटचा विचार तातडीने होईल. दृष्टी नसलेल्या मुलाला तर आवाजाचा आधार अधिकच मोलाचा.

पण ज्या आजाराने हेलनचे कान घेतले, तोच आजार इम्प्लांट बसवलेल्या मुलांना इतरांपेक्षा जास्त प्रमाणात होऊ शकतो. कारण समजायला सोपे आहे. इम्प्लांटची तार मधल्या कानातून आतल्या कानात जाते. सर्दीनंतर मधल्या कानात पू झाला तर जंतूंना आत जायला ती एक वाट मिळू शकते. काही मुलांच्या आतल्या कानाची रचना जन्मतःच सदोष असते, त्यांना हा धोका इम्प्लांटशिवायही असतो.

२००२ मध्ये अमेरिकेत अशा मुलांमध्ये मेनिंजायटिस वाढल्याचे लक्षात आले. सहा वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या ४,२६४ मुलांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या २६ मुलांना जिवाणूंचा मेनिंजायटिस झाला होता, आणि न्यूमोकॉकसमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसचे प्रमाण त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा तीसपटींहून अधिक होते. तार घट्ट बसवण्यासाठी सोबत पाचर घातलेल्या एका प्रकारात धोका सर्वांत जास्त होता. तो प्रकार २००२ मध्येच बाजारातून काढून घेतला गेला. पाचर नसलेल्या मुलांतही धोका सर्वसाधारण मुलांपेक्षा जास्तच होता. हे आकडे वाचून घाबरू नका. ४,२६४ पैकी ४,२३८ मुलांना हा आजार झाला नाही, आणि यावर उपाय आहे.

तो उपाय म्हणजे लस. न्यूमोकॉकसची पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ पासून देशभर मोफत मिळते : दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. हिबची लस पेंटाव्हॅलंटमध्ये असते. तुमचे मूल त्याआधी जन्मलेले असेल तर पीसीव्ही राहून गेली असण्याची शक्यता बरीच आहे, लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. इम्प्लांट होणाऱ्या मुलांना दोन वर्षांनंतर न्यूमोकॉकसची जास्त प्रकारांवर चालणारी आणखी एक लसही सुचवली जाते. ती सरकारी कार्यक्रमात नाही, विकत घ्यावी लागते. कोणती आणि कधी, हे तुमचे बालरोगतज्ज्ञ मुलाच्या आधीच्या डोसांवरून ठरवतील. शक्यतो लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण व्हाव्यात. शस्त्रक्रिया आधीच झाली असेल आणि लस राहिली असेल, तर आता घ्या. सरकारच्या एडिप योजनेतून इम्प्लांट झाले असले तरी हे कार्ड तपासायचे काम तुमचेच आहे असे समजा.

इम्प्लांट असलेल्या मुलाचा कान दुखू लागला, वाहू लागला किंवा सर्दीबरोबर ताप आला, तर घरी दोन दिवस वाट पाहू नका. कानात गरम तेल घालू नका. ताप, उलट्या, डोकेदुखी, मान ताठ होणे, उजेड नकोसा वाटणे, सतत किरकिर, गुंगी किंवा झटका यांपैकी काही दिसले तर थेट मोठ्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी. तान्ह्या बाळात मान ताठ होतेच असे नाही. दूध न पिणे, टाळू फुगणे, रडणे न थांबणे एवढेच दिसू शकते. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्वच्छ स्राव गळत राहिला, तर तेही डॉक्टरांना दाखवा, ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. आणि पोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगा की मुलाला इम्प्लांट आहे. केसांखाली ते दिसत नाही, बाहेरचे यंत्र गडबडीत घरी राहिलेले असते. आतल्या भागात चुंबक असतो, त्यामुळे एमआरआय करायची वेळ आली तर तंत्रज्ञालाही हे माहीत हवे.

रुग्णालयात संशय दाट असेल तर तपासण्यांचे निकाल येईपर्यंत न थांबता प्रतिजैविके सुरू करतात, आणि बऱ्याचदा पहिल्या डोसबरोबरच किंवा त्याच्या थोडे आधी स्टेरॉइड देतात. हिबच्या मेनिंजायटिसमध्ये त्याने कान वाचण्याची शक्यता वाढते. पाठीतले पाणी काढायला घरचे पुष्कळदा नकार देतात, त्याने मूल लुळे पडेल या भीतीने. सुई टोचतात ती जागा मज्जारज्जू संपल्याच्या खाली असते. कोणता जंतू आहे आणि कोणते औषध लागू पडेल, हे त्या काही थेंबांतून कळते.

हेलन केलर यांना १९६१ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि त्या सार्वजनिक आयुष्यातून निवृत्त झाल्या. १ जून १९६८ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षे पूर्ण व्हायला चार आठवडे कमी असताना, कनेटिकटमधल्या घरी त्यांचे झोपेत निधन झाले. वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये ॲन सुलिव्हन आणि पॉली थॉमसन यांच्या शेजारी त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. त्या वर्षी हिब, मेनिंगोकॉकस आणि न्यूमोकॉकस यांपैकी एकावरचीही लस कुठल्याच देशातल्या बाळांच्या लसीकरणाच्या यादीत नव्हती.